डोळा लावायची खिडकी

सुरतेहून परतताना खांडबारा स्टेशन मागे पडलं आणि आई म्हणाली, "मले एक फोटू काढानं मशीन लई दे."

मी तेव्हा भज्यांचा कागद गुंडाळून खिडकीबाहेर टाकावा की खिशात ठेवावा या विचारात होतो. कागद हातातच राहिला. आमची आई सत्तरीला टेकलेली. आयुष्य तापीकाठच्या काळ्या जमिनीत गेलं, कपाशी वेचण्यात, मिरची तोडण्यात, आणि माझे वडील गेल्यावर वाटेकऱ्यांशी भांडण्यात. लग्नातसुद्धा फोटोसाठी बोलावलं की तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. अशा बाईनं कॅमेरा मागावा आणि तोही नेमका त्या दिवशी, याचा मला मेळ लागेना.

त्या दिवशी, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला त्या दिवशी. त्यानं समजावलंही चांगलं होतं. या आजारात नजर कडेकडेनं जाते, मधली शेवटपर्यंत राहते. गेलेली परत येत नाही. थेंब नेमानं टाकले तर उरलेली टिकवता येते, पण किती आणि कुठवर ते कुणीच सांगू शकत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरला विचारलं, जेवण झालं का. तो हसला. मी मात्र दवाखान्याच्या जिन्यात मागेच राहिलो. तिचा हात धरून मी तिला उतरवायचं, तर तीच माझ्यासाठी थांबली होती.

"माय, मोबाईल शे ना घरमा," मी म्हणालो.

"त्याले मन्हं बोट समजत नही."

हे खरं होतं. बोंडांच्या काट्यांनी आणि मिरचीच्या तिखटानं तिच्या बोटांच्या टोकांवर आता रेषा उरलेल्या नाहीत. रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन तिला ओळखत नाही. मोबाईलच्या काचेवर ती बोट टेकवते, दाबते, शेवटी ठोकते, आणि काच ढिम्म. तिचं ठाम मत आहे की मशीनला लाज वाटते.

"कसाना फोटू काढशी?"

"मी जे देखस त्यासना."

"आन कोनासाठे?"

"तुम्हनासाठे. मी काय काय देखेल शे, ते तुम्हले कोठे माहीत शे?"

एवढं बोलून ती खिडकीकडे वळली. बाहेर ऊस, मध्येच केळी, मग पुन्हा मोकळं रान. ती मान सावकाश इकडून तिकडे फिरवत होती. तिची ही सवय मी वर्षभर पाहत होतो आणि मानेचं दुखणं समजत होतो. आता कळलं की तिला एका वेळी थोडंच दिसतं, म्हणून ती बाहेरचं रान तुकड्यातुकड्यानं गोळा करते आहे.

मी नंदुरबारच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. भिंगं पुसणं, आरसे मोजून ठेवणं, पोरांनी फोडलेल्या काचा गोळा करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे कॅमेऱ्याचा विषय निघाला तसा मी स्वतःला त्यातला जाणकार समजू लागलो. मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ पाहिले. सेन्सर केवढा, भिंग किती उजेड आत घेतं, थरथरत्या हाताला कोणता कॅमेरा सांभाळून घेतो, सगळं तोंडपाठ केलं. स्टाफरूममध्ये तर सोयरीक जमवावी तशी चर्चा झाली. एकानं मेगापिक्सेल विचारले, दुसऱ्यानं झूम. रसायनशास्त्राचे सर म्हणाले, म्हातारपणी एवढं कशाला, माळ घेऊन द्या. त्यांच्याशी मी पुढे आठवडाभर बोललो नाही.

शेवटी मी ठरवलं. नवा कोरा, हलका, आत आरसा नसलेला, मिररलेस म्हणतात तो कॅमेरा घ्यायचा. मागचा पडदा मोठा, बोट लावलं की तिथलं चित्र आपोआप स्पष्ट होतं. बोट लावायचं, हेच मी विसरलो होतो. जाणकार माणसाचं असं होतं.

जुन्या, आरशाच्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओही मी पाहिले होते, पण नाक मुरडत. त्यातल्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यांबद्दल सगळ्यांची एकच तक्रार होती. डोळा लावून बघायची जी खिडकी असते, व्ह्यूफाइंडर, ती अगदी लहान. आत सगळा अंधार आणि दूर मधोमध चित्र. भुयारातून बघितल्यासारखं वाटतं, असं जो तो सांगत होता. नवशिक्यानं हा घेऊ नये, असंही.

थंडीचे दिवस होते. सुट्टी बघून आईला गाडीवर मागे बसवलं आणि नंदुरबारला एका स्टुडिओवाल्याकडे नेलं. हा लग्नाचे फोटो काढतो आणि नवे-जुने कॅमेरेही विकतो. कॅमेरा आईसाठी हवा म्हटल्यावर त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि खुर्ची पुसून दिली. मी नाव सांगितलं तो नवा कॅमेरा त्यानं काढला.

"मावशी, अठे फक्त बोट लावा."

आईनं बोट लावलं. काही नाही. त्यानं काच पुसली. तरी नाही. मग रुमाल ओला करून आईचं बोट पुसलं, फुंकर मारली, पुन्हा लावायला सांगितलं.

"ऱ्हाऊ दे भाऊ," आई म्हणाली, "रेशनना मशीनलेबी समजत नही ते."

मी घाईनं त्याच कॅमेऱ्याच्या वरच्या खिडकीला तिचा डोळा लावून दिला. या कॅमेऱ्यांत त्या खिडकीत एक बारीकसा पडदा असतो आणि त्यावर चित्र दिसतं. रंग असे झकास की खऱ्यापेक्षा खरे. आईनं पाहिलं, कॅमेरा खाली घेतला, दुकानाच्या दाराकडे पाहिलं, पुन्हा डोळा लावला.

"हाऊ टीव्ही शे," ती म्हणाली. "मले टीव्ही नको. बाहेरनं देखनं शे."

माझा पारा चढायला लागला होता. इतके दिवस खपून निवडलेली वस्तू तिनं एका शब्दात काढून टाकली होती. स्टुडिओवाला मात्र वाकून कपाटाच्या खालच्या फळीत शोधत होता. त्यानं एक काळा कॅमेरा बाहेर काढला. कडा घासून पांढऱ्या झालेल्या, पट्टा दुसऱ्याच कुठल्या कॅमेऱ्याचा. लग्नात जोडीला ठेवायचो, म्हणाला. मी ओळखला. भुयाराची तक्रार होती, त्यांतलाच तो.

"हा नको," मी म्हणालो. पण आईनं तोवर तो हातात घेतला होता. बटणावर तिचं बोट गेलं. बटण दाबलं गेल्याचं तिला कळलं, आतून खट्ट झालेलंही कळलं. तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग तिनं उजवा डोळा खिडकीला लावला.

बराच वेळ ती तशीच उभी. मला वाटलं, काही दिसत नसेल. स्टुडिओवाल्यानं खिडकीशेजारचं बारीक चाक फिरवून दिलं, तिच्या नंबराला जुळेल असं. तिनं पुन्हा डोळा टेकवला. आणि मग एकदम हसायला लागली. ती हसली की खांदे हलतात. खांदे हलत होते आणि कॅमेरा डोळ्याला तसाच.

"हाऊ मन्हासारखाच देखस," ती म्हणाली. "मधमा उजेड, कडेले काहीच नही. ले, देख."

तिनं कॅमेरा माझ्या हातात दिला. मी डोळा लावला, दुसरा मिटला.

अंधार. आणि अंधाराच्या मधोमध, जरा दूर, एक लहानसा उजळ चौकोन. त्यात दुकानाचं दार, दाराबाहेरचा रस्ता, उभी रिक्षा. एक माणूस अंधारातून अचानक चौकोनात आला, चार पावलं चालला आणि पलीकडच्या अंधारात नाहीसा झाला. मी आईला बघायला म्हणून कॅमेरा वळवला. ती माझ्या शेजारीच उभी होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या, तिच्या शालीचा वास येत होता, आणि मला ती सापडेना. भिंत आली, कॅलेंडर आलं, कपाटाची कड आली. आई नाही. मी कॅमेरा इकडून तिकडे फिरवत राहिलो, ती रेल्वेत मान फिरवत होती तसा. मग चौकोनात तिचं नाक आलं, मग नाकातली फुली, मग आख्खा चेहरा. ती माझ्याकडेच बघत होती.

"तुले दिखनं का?" तिनं विचारलं.

"दिखनं, माय."

भिंगं पुसण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पण काचेच्या एका तुकड्यातून दुसऱ्या माणसाच्या डोळ्यात शिरता येतं हे मला त्या दुकानात कळलं. आई जगात कशी उभी आहे, हे कुठल्याही डॉक्टरनं मला एवढं दाखवलं नव्हतं. मी कॅमेरा डोळ्यावरून काढला तेव्हा दुकान केवढं तरी मोठं वाटलं. डावीउजवीकडे इतकं सगळं एकाच वेळी दिसतं, आणि फुकट दिसतं, याचं मला नवल वाटत राहिलं.

स्टुडिओवाल्यानं भिंग काढून आतला आरसा दाखवला. भिंग चित्र उलटं पाडतं, वरचं खाली आणि खालचं वर, आणि कॅमेऱ्यातले आरसे ते खिडकीत सरळ करून देतात, असं मी आईला सांगितलं. सांगता सांगता, डोळ्यातही तसंच असतं, हेही सांगून टाकलं. सवयच ती.

"म्हंजे डोयामा बठ्ठं जग उलटं ऱ्हास?"

"हा."

"आन सरळ कोन करस?"

"डोकं करी लेस."

"त्याले कोन शिकाडं?"

स्टुडिओवाला भिंग परत बसवायला लागला. दरवर्षी नव्या पोरांना मी मेणबत्तीचं उलटं चित्र पडद्यावर दाखवतो. आजवर एकानंही हे विचारलेलं नाही आणि मलाही सुचलेलं नाही. आईला उत्तराची घाई नव्हती. तिनं पट्टा गळ्यात अडकवला होता आणि ती दाराकडे निघाली होती. कॅमेरा ठरला होता.

परतताना गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. ओली मिरची वाळत घालायच्या मोकळ्या मैदानांना आमच्याकडे पथारी म्हणतात. त्या दिवसांत नजर पोचेल तिथपर्यंत जमीन लाल असते. आम्ही ती लहानपणापासून बघतो, म्हणून बघत नाही. आईनं पाठीत बोट टोचलं. गाडी थांबवली.

तिथं मी तिला बटणाचा धडा द्यायला लागलो. आधी अर्धंच दाबायचं, चित्र स्पष्ट होऊ द्यायचं, आणि मग पुरतं दाबायचं. माझी प्रयोगशाळेतली पोरं यात चुकतात, धसकन सगळं दाबून टाकतात. आईनंही दोनदा तेच केलं. तिसऱ्या वेळी तिचं बोट हलकं झालं.

"कपाशीसारखं शे," ती म्हणाली. "पहिले बोंड धरानं, मंग वढानं."

त्यानंतर ती फोटो काढते असं कधी म्हणालीच नाही. फोटू येचस, म्हणायची. मी वेचते. पुरतं फुटलेलं बोंडच वेचायचं, अर्धं उघडलेलं दुसऱ्या वेचणीला ठेवायचं, हा कपाशीचा रिवाज तिनं कॅमेऱ्याला लावला. पथारीच्या कडेला ती खिडकीला डोळा लावून उभी होती. समोर बायका मिरची उलथत होत्या, खाट, म्हणजे तिखटाची धूळ, उडत होती, मी खोकून खोकून बेजार. ती डोळा हलवेना. मी दोनदा हाक मारली. नंतर म्हणाली, इतकं लाल आपल्याकडे होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. नजर धड होती तेव्हा कडेनं डोकावणारं दुसरंतिसरं काहीतरी त्या लालाला पातळ करत असायचं. आता खिडकीत लालच होतं, काठोकाठ. मी पुन्हा पथारीकडे पाहिलं आणि खरंच सांगतो, मला ती पहिल्यांदा दिसली.

घरी येऊन पाहिलं तर त्या दिवसाच्या फोटोंत तिचा अंगठा बराच होता. एक फोटो निव्वळ पदराचा. बायकोनं हसू दाबलं, आईनं दाबलं नाही. पण एक होता, लाल मिरचीत रुतलेलं एका बाईचं पाऊल आणि जोडवं. बाकी काहीही नाही. तो आजही आमच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे.

मग ती रोज वेचायला लागली. रविवारी कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या हातात द्यायची आणि मी ते टीव्हीला जोडायचो. पहिल्या रविवारी मी तिची खुर्ची टीव्हीजवळ सरकवली. ती उठली आणि खुर्ची मागच्या भिंतीला नेऊन टेकवली. जवळून तिला टीव्हीचा एक कोपराच दिसे, लांबून सगळा मावे. आम्ही पुढे, ती मागे, असा आमचा कार्यक्रम चाले.

काय काय पाहिलं होतं तिनं. म्हशीच्या डोळ्यात उभं राहिलेलं आमचं घर. पाटाच्या पाण्यात आडवी पडलेली केळीची सावली. तव्यावर भाकरी फुगते तो क्षण. बायकोच्या मानेवर घामानं चिकटलेली एक बट, जी तिला लग्न करून घरात आणणाऱ्या नवऱ्याला कधी दिसली नव्हती. प्रत्येक फोटोत जे आहे ते मधोमध आणि कडेला फार काही नाही. मी तिला एकदा सांगून पाहिलं की फोटोत वस्तू जरा बाजूला घ्यावी, चांगलं दिसतं. ती म्हणाली, बाजूला तिचं काहीच नसतं. पुन्हा मी ते बोललो नाही.

उन्हाळा लागला. सुरतेला दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत डॉक्टरनं तपासणीचे कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले, मधला उजेड आणखी आकसला होता. थेंब बदलले. परतीच्या गाडीत आई खांडबाऱ्यापर्यंत झोपून होती.

त्या रविवारी मी कार्ड लावलं. पहिला फोटो गावाच्या रस्त्याचा. सकाळचं ऊन, लांब एक मोटारसायकल, पाठमोरा माणूस. दुसरा फोटो तोच. तिसरा तोच, शर्ट तेवढा निराळा. मला वाटलं, बटण अडकलं. पुढे ढकलत गेलो. निळा शर्ट, चौकड्यांचा शर्ट, पाठीवरची कॉलेजची बॅग. रस्ता तोच, चिंचेजवळचं वळण तेच. मोटारसायकल कधी जवळ, कधी वळणाशी, मुंगीएवढी. दर फोटोत ती अगदी मधोमध.

"हाई काय शे, माय?"

"तू," मागच्या भिंतीकडून आवाज आला. "कामले जाई ऱ्हायना."

"रोज देखस तू?"

"शाळामा जाये तैपासून."

मी टीव्हीकडेच बघत राहिलो, मागे वळायचा धीर होईना. या वळणावरून मी पाटी-दप्तर घेऊन गेलो, सायकलवर गेलो, नवरदेव होऊन गेलो. मागे दारात कुणी उभं असेल हे मनातसुद्धा आलं नाही. माझी पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. कितीतरी वर्षं जपलेली पाठ.

"पन आते मोडवर तू वळस ना," ती सांगायला लागली, पीकपाण्याबद्दल सांगावं तशा आवाजात, "तठे सुटी जास. एकदाव सुटना का मंग सापडत नही. मशीनमा तरी ऱ्हास."

मला तो दुकानातला चौकोन आठवला. शेजारी उभी असलेली आई मला त्यात सापडत नव्हती. तिचं रोज सकाळी तसं होत होतं, आणि मी तेव्हा गिअर बदलत असायचो.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला निघालो. आईला काही सांगितलं नाही. चिंचेपाशी वळणावर आलो तशी गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि घराकडे तोंड करून उभा राहिलो.

आई ओट्यावर होती. कॅमेरा डोळ्याला लावलेला. मी थांबलो हे तिला कळलं नव्हतं. कॅमेरा वळणाच्या पुढे गेला, मग रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, मग मागे आला. ती मला शोधत होती. हात हलवावा, हाक मारावी असं फार वाटलं. पण हललो तर पुन्हा सुटेन म्हणून हललो नाही. मागून ट्रॅक्टर आला, त्याला हातानंच थांब म्हटलं आणि पुन्हा ताठ उभा राहिलो. कॅमेरा चिंचेच्या शेंड्यावर गेला, बुंध्यावर उतरला, बाजूला सरकला आणि थांबला.

तिनं आधी बोंड धरलं असणार. मग वेचलं. तिचे खांदे हलायला लागले ते मला तिथून दिसत होते. मी हेल्मेट घातलं आणि कामावर गेलो.